पाप उरलेले असताना विश्वासाची पारख : मराठी ख्रिस्ती परंपरेतील एका प्रश्नाचा आढावा

ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला पापांची क्षमा मिळते आणि त्याच्या जीवनाला नवा आरंभ होतो, ही शिकवण सर्व ख्रिस्ती मंडळ्यांना मान्य आहे. तरीही बाप्तिस्म्याला वीस वर्षे लोटल्यावर तोच माणूस खोटे बोलतो, घरात हात उगारतो, सोडलेल्या दारूकडे परततो किंवा जातीचा ताठा मनात जपतो, हेही त्याच मंडळ्यांना रोज दिसते. अशा माणसाचा विश्वास खोटा म्हणावा, अपुरा म्हणावा, की खरा असूनही झगडणारा म्हणावा, या प्रश्नाचे उत्तर पाळकाला प्रभुभोजन देताना, कुटुंबाला सोयरीक जुळवताना आणि खुद्द त्या माणसाला रात्री प्रार्थनेला बसताना कोणत्या ना कोणत्या रूपात द्यावेच लागते. पापाचा पूर्ण अभाव ही विश्वासाची खूण मानली तर मंडळीत कोणीच उरणार नाही, आणि पापाकडे साफ डोळेझाक केली तर विश्वास या शब्दाला काही अर्थ राहणार नाही. ख्रिस्ती विचार गेली दोन हजार वर्षे या दोन टोकांमधून वाट काढत आला आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नाला वेगळी धार आलेली आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती वाढू लागल्या आणि पुढे वाहन उद्योग चाकणपर्यंत पसरला. या ओघात नगर आणि मराठवाड्यातली मराठी ख्रिस्ती कुटुंबे, केरळातील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती, तमिळ व गोवेकर कॅथलिक आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे विश्वासी एकमेकांच्या शेजारी राहू लागले. गावातल्या मंडळीत तीन पिढ्यांची ओळख असे आणि कोणाचे कुठे चुकते हे साऱ्यांना ठाऊक असे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला मात्र त्याचा पाळकही कित्येकदा केवळ चेहऱ्याने ओळखतो. एका इमारतीत राहणाऱ्या चार ख्रिस्ती कुटुंबांच्या खऱ्या विश्वासाविषयीच्या चार कल्पना असू शकतात, आणि त्या समजून घ्यायच्या तर त्यांच्या मुळांशी जाणे भाग आहे.

शास्त्रातील दोन स्वर

नव्या करारात या विषयावर दोन स्वर ऐकू येतात. योहानाच्या पहिल्या पत्राच्या आरंभी, आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःलाच फसवतो असे बजावले आहे, तर त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, देवापासून जन्मलेला पाप करत राहत नाही असे ठामपणे सांगितले आहे. पौलाच्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय, जे करू नये ते हातून घडते आणि जे करावे ते घडत नाही, अशा आक्रोशाने भरलेला आहे. तो पौलाचा विश्वासात आल्यानंतरचा अनुभव आहे की आधीचा, यावर टीकाकारांत प्राचीन काळापासून मतभेद आहेत, आणि जो अर्थ स्वीकारावा त्यावर विश्वासी जीवनाकडून किती अपेक्षा करायची हे पुष्कळसे ठरते. याकोबाचे पत्र कृतीवाचून असलेल्या विश्वासाला मृत म्हणते, तर पौल माणूस कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो असे सांगतो. परंतु गलतीकरांस पत्रात तोच पौल प्रीती, सहनशीलता, इंद्रियदमन अशी आत्म्याची फळे मोजून दाखवतो, त्यामुळे फळावाचूनचा विश्वास त्यालाही अभिप्रेत नव्हता हे उघड होते.

शुभवर्तमानांतील व्यक्ती या तत्त्वांना देह देतात. पेत्राने गुरूला तीनदा नाकारले आणि यहूदाने विकले. दोघांनाही पस्तावा झाला, पण पेत्राचा पस्तावा त्याला गुरूकडे परत घेऊन आला आणि यहूदाचा त्याला एकाकी निराशेत घेऊन गेला. जकातदार जक्कय याने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि फसवणुकीने घेतलेले चौपट परत करण्याचे ठरवले, तेव्हा येशूने त्याच्या घरी तारण आल्याचे जाहीर केले. गव्हात उगवलेल्या निदणाच्या दाखल्यात मात्र कापणीपूर्वी निदण उपटण्यास मनाई आहे, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल. फळावरून झाड ओळखावे आणि तरीही अंतिम निवाडा हाती घेऊ नये, या दोन्ही आज्ञा मत्तयाच्याच शुभवर्तमानात आहेत, आणि पुढील सर्व परंपरांचा खटाटोप त्या एकत्र पाळण्यासाठी चाललेला आहे.

परंपरांची उत्तरे

तिसऱ्या आणि चौथ्या शतकांतील छळाच्या काळात अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी विश्वास नाकारला, आणि छळ ओसरल्यावर त्यांना परत घ्यावे की नाही यावरून मंडळ्या दुभंगल्या. उत्तर आफ्रिकेतील दोनातुस पंथाने शुद्ध लोकांचीच मंडळी ही खरी मंडळी मानली. ऑगस्टीनने त्याविरुद्ध असे मांडले की, पृथ्वीवरची मंडळी हा खऱ्याखोट्यांचा मिश्र समुदाय आहे आणि संस्कारांची सिद्धी ते देणाऱ्याच्या चारित्र्यावर नव्हे तर ख्रिस्तावर अवलंबून असते. इ.स. ४११ च्या कार्थेज येथील परिषदेत दोनातुस पंथाच्या विरोधात निर्णय लागला, पण शुद्ध मंडळीची ओढ प्रत्येक शतकात नव्या नावाने परतत राहिली.

कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्म्याने पाप धुतले गेले तरी पापाकडे असणारा कल माणसात उरतो. तो कल म्हणजे पाप नव्हे, त्याला संमती देणे हे पाप. ट्रेंट येथील परिषदेने १५४७ साली दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या : आपण देवाच्या कृपेत आहोत हे विशेष प्रकटीकरणावाचून कोणालाही चूक संभवणार नाही अशा खात्रीने कळू शकत नाही, आणि गंभीर पापाने कृपा गमावलेल्या माणसात विश्वास उरू शकतो, तो जिवंत नसला तरी खरा असतो. म्हणून कॅथलिक माणसाला स्वतःच्या विश्वासाचे प्रमाणपत्र शोधत बसावे लागत नाही. त्याने प्रायश्चित्त संस्काराकडे, ज्याला वसईत आणि गोव्यात कुमसार म्हणतात, वळायचे असते. त्या संस्कारात पापाचे खरे दुःख, धर्मगुरूपुढे कबुली आणि झालेल्या हानीची भरपाई ही तीन अंगे पश्चात्तापी माणसाकडून अपेक्षित असतात. इग्नेशियस लोयोला याच्या आध्यात्मिक साधनेत रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत आहे, शिवाय मनाला शांतवणारी आणि मनाला कोरडे करणारी प्रेरणा वेगळी ओळखण्याचे नियमही आहेत.

मार्टिन ल्यूथरने विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो असे म्हटले. नीतिमान ठरवले जाणे म्हणजे ख्रिस्ताच्या पुण्याईमुळे देवाने माणसाला निर्दोष घोषित करणे. ते माणसाच्या प्रगतीवर अवलंबून नसल्यामुळे, संशयाच्या घडीला त्याने स्वतःच्या अंतःकरणाकडे नव्हे तर ख्रिस्ताच्या वचनाकडे पाहावे, हा ल्यूथरचा आग्रह होता. कॅल्व्हिनच्या परंपरेने याला पवित्रीकरणाची, म्हणजे आयुष्यभर चालणाऱ्या शुद्धीची जोड दिली, आणि सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने मान्य केले की तारणाची खात्री हा विश्वासाचा अविभाज्य भाग नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागू शकते. जॉन वेस्लीने आत्म्याची आंतरिक साक्ष आणि प्रीतीतील परिपूर्णता यांवर भर दिला, पण पाठ फिरवणारा विश्वासी कृपेतून ढळू शकतो हेही शिकवले. न्यू इंग्लंडच्या जागृतीनंतर जोनाथन एडवर्ड्सने १७४६ साली धार्मिक भावनांवरील ग्रंथात बारा खुणा दिल्या. भावनेची तीव्रता, शरीराचा कंप, तोंडी येणारी वचने यांवरून काहीच सिद्ध होत नाही असे सांगून त्याने दीर्घकाळ टिकणाऱ्या आचरणाला मुख्य खूण मानले.

केरळातून आलेल्या सिरियन मंडळ्यांचा सूर याहून निराळा आहे. तेथे पापाकडे गुन्ह्यापेक्षा आजार म्हणून पाहण्याची पौर्वात्य दृष्टी बळकट आहे, आणि उपवास, प्रार्थना व कबुली ही आयुष्यभराची चिकित्सा समजली जाते. योनाच्या प्रचाराने पश्चात्ताप केलेल्या निनवे शहराच्या स्मरणार्थ पाळला जाणारा तीन दिवसांचा उपवास त्याच चिकित्सेचा भाग आहे. पेंटेकॉस्टल मंडळ्या नव्या जन्माच्या अनुभवाला आणि पवित्र आत्म्याच्या दानांना महत्त्व देतात, तर १८८२ साली मुंबईत आलेल्या आणि नगर भागात रुजलेल्या मुक्तिफौजेने बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन्ही संस्कार वगळून, दारू सोडण्यासह शिस्तबद्ध जीवनाच्या लेखी प्रतिज्ञेवर सैनिकत्व उभारले.

हे मतभेद मिटलेले नाहीत, पण त्यांची कडवटपणाची धार बोथट झाली आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथलिक मंडळी यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि पुढे मेथडिस्ट व रिफॉर्म्ड परंपरांनीही तिला साथ दिली. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहून जवळची घटना म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेली उत्तर भारतीय मंडळी. तीत बालबाप्तिस्मा देऊन पुढे दृढीकरण करणारे आणि जाणत्या वयात कबुली दिल्यावरच बाप्तिस्मा देणारे, असे दोन्ही प्रवाह एका छताखाली आले. विश्वासाची पारख करण्याच्या दोन रीती एकमेकींना खोटे न ठरवता नांदू शकतात, हे त्या ऐक्याने मान्य केले.

मराठी अनुभवाचे दान

मराठी भूमीवर हा प्रश्न प्रथम शिक्षणाच्या रूपाने उभा राहिला. गोव्याच्या सासष्टीत बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांचा विश्वास त्यांच्या भाषेत रुजावा म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. एतिएन द ला क्रुआ यांनी १६२९ साली प्रेषित पेत्राच्या जीवनावर मराठी काव्यग्रंथ सिद्ध केला. बाप्तिस्मा हा विश्वासाचा शेवट नसून आरंभ आहे आणि त्यानंतरही घडण होत राहावी लागते, ही जाणीव या ग्रंथांच्या मागे आहे.

एकोणिसाव्या शतकात उलट दिशेचे उदाहरण दिसते. बाबा पदमनजी यांच्या मनाने ख्रिस्ताचा स्वीकार आधी केला, पण घरच्यांचे आणि समाजाचे दडपण झुगारून १८५४ साली बाप्तिस्मा घेईपर्यंत मोठा काळ गेला. अरुणोदय या आत्मचरित्रात त्यांनी ती ओढाताण नोंदवली आहे. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे नेहम्या गोरे, यांचा बाप्तिस्मा १८४८ साली झाला आणि त्यांनी पुढे ख्रिस्ती मताच्या मंडनासाठी ग्रंथ लिहिले. तरीही शंकांनी त्यांचा पाठलाग अखेरपर्यंत सोडला नाही. शंका हे अविश्वासाचे लक्षण मानले तर या विद्वान आणि विरक्त माणसाला ख्रिस्ती म्हणणेच अवघड होईल. ज्यांनी त्यांना जवळून पाहिले त्यांनी मात्र त्यांचे साधेपण आणि प्रामाणिकपण यांतच विश्वास ओळखला.

पंडिता रमाबाईंचे जीवन या प्रश्नाचे सर्वांत सखोल मराठी भाष्य आहे. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला; त्यानंतर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी आपल्या शंका दडवल्या नाहीत, आणि त्या शंका म्हणजे गर्व आहे असे सुचवले गेल्यावरही, सदसद्विवेकबुद्धीला आणि देवाच्या वचनाला बांधील राहण्याचा आपला हक्क सोडला नाही. पुढे १९०७ च्या साक्षीत त्यांनी सांगितले की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म गवसला होता, पण स्वतः ख्रिस्त नव्हे. आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या अँग्लिकन पाळकाचे आत्मकथन वाचताना, आपल्याला नेमके काय हवे हे त्यांच्या ध्यानात आले. हॅस्लम स्वतः अनेक वर्षे पाळक असताना, स्वतःचेच प्रवचन देता देता पालटला होता. मंडळीच्या वहीतली नोंद आणि मनातली निश्चिती यांत इतके अंतर पडू शकते, आणि ते अंतर कबूल केल्याने विश्वास कमी होत नाही तर खरा होतो, हे रमाबाईंच्या साक्षीतून दिसते.

पिंपरीहून फार दूर नसलेल्या केडगाव येथील रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ साली जागृती झाली. मुलींनी मोठ्याने रडून पापांची कबुली दिली, रात्र-रात्र प्रार्थना चालल्या आणि ती वार्ता जगभर गेली. ज्यांना हा कल्लोळ उन्माद वाटला आणि ज्यांना तो आत्म्याचा पूर वाटला, त्या दोघांनाही अखेर एकाच ठिकाणी यावे लागले : ओसरल्यानंतर काय उरले? मुक्तीत अनाथ आणि विधवा स्त्रियांना शिक्षण व उद्योग देणारे घर उरले आणि रमाबाईंनी हयातीअखेर, १९२२ पर्यंत, मूळ भाषांवरून पूर्ण केलेले मराठी बायबल उरले. एडवर्ड्सची कसोटी येथे मराठी मातीत उतरली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या देहूच्या त्या संताने स्वतःच्या दोषांची जी निर्भीड कबुली आपल्या अभंगांत दिली, तिचा पौलाच्या आक्रोशाशी असलेला सांधा टिळकांना जाणवला होता. लक्ष्मीबाई टिळकांनी स्मृतिचित्रांत या पतीचे चित्र रंगसफेती न करता काढले : त्यांचा तापट स्वभाव, घरची चूल पेटेल की नाही याची पर्वा न करता पैसा वाटून टाकणे, एका क्षणी एक तर दुसऱ्या क्षणी दुसरेच ठरवणे. तरीही ते पुस्तक मिटल्यावर टिळकांच्या विश्वासाविषयी शंका उरत नाही, कारण त्यांचे दोष लपवलेले नाहीत, ते चुकल्यावर वळणारे आहेत, आणि त्यांच्या प्रीतीची झळ दुसऱ्यांना ऊब म्हणून लागलेली आहे. खुद्द लक्ष्मीबाईंच्या बाबतीत सोवळ्याचा आग्रह गळून पडणे आणि ख्रिस्ताचा स्वीकार या गोष्टी एकमेकींना लागूनच आल्या, आणि येथे मराठी परंपरेने ख्रिस्ती विचाराला आपली स्वतःची कसोटी दिली : ज्याच्या ताटाला ताट लावून दुसऱ्या जातीचा भाऊ जेवू शकत नाही, त्याची तोंडी साक्ष कितीही रसाळ असली तरी ती अपुरी आहे. दुष्काळांच्या काळात नगर भागात मोठ्या संख्येने दलित कुटुंबे ख्रिस्ती झाली तेव्हा त्यांच्या हेतूंवर संशय घेतला गेला. परंतु भुकेने दारापर्यंत आलेल्या माणसाचा विश्वास आत आल्यावर वाढू शकतो, आणि भरल्या पोटी आलेल्याचा तेथेच थिजू शकतो, हे पिढ्यांनी दाखवून दिले. टिळकांनी १९१७ साली स्थापन केलेल्या देवाच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांना सारखेच स्थान होते. ती योजना त्यांच्या १९१९ मधील निधनाने अपुरी राहिली, पण मंडळीच्या कुंपणाबाहेरचा विश्वासही पारखला पाहिजे हा तिचा आग्रह अजून शिळा झालेला नाही.

औद्योगिक पट्ट्यातील पारख

या वारशाच्या प्रकाशात आजच्या पट्ट्यातील रूढ खुणा तपासल्या तर त्यांच्या मर्यादा कळतात. रविवारची हजेरी ही सर्वांत सोपी खूण. पण या भागातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि तीन पाळ्यांत काम चालते, त्यामुळे रविवारी पहिल्या पाळीत मशीनपुढे उभा असलेला कामगार उपासनेला दिसत नाही म्हणून त्याचा विश्वास थंडावला असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावाकडच्या पाळकाचे शिफारसपत्र सदस्यत्व हलवण्यासाठी उपयोगी पडते, पण ते त्या माणसाचा भूतकाळ सांगते, वर्तमान नव्हे. साक्षसभेत सांगितलेला पालट खरा असू शकतो. तथापि आजार बरा झाल्याची किंवा नोकरी कायम झाल्याची साक्षच पुन्हा पुन्हा गौरवली गेली, तर ज्याचे कंत्राट संपले आणि तरी ज्याने प्रार्थना सोडली नाही, त्याच्या विश्वासाला बोलायला जागाच उरत नाही.

कारखान्यात एखादा सुटा भाग मापकात बसतो की नाही एवढ्यावर स्वीकार-नकार ठरतो, पण संपूर्ण प्रक्रिया नीट आहे की नाही हे अनेक दिवसांच्या नोंदींवरून आणि बिघाड दिसल्यावर ती किती लवकर सुधारली जाते यावरून ठरते. विश्वासाची पारख दुसऱ्या प्रकारची आहे. त्या दृष्टीने सर्व परंपरांना मान्य होतील अशा काही कसोट्या पुढे येतात. पहिली, पाप उघड होण्याआधी की उघड झाल्यावर कबुली आली, आणि कबुलीत दुसऱ्यावर दोष ढकलला गेला का. दुसरी, भरपाई : व्यसनात बुडवलेले बायकोचे दागिने, भिशीतले लुबाडलेले पैसे, सहकाऱ्याविरुद्ध दिलेली खोटी माहिती, यांबाबत जक्कयाप्रमाणे काही परत केले गेले का. तिसरी, शिकवले जाण्याची तयारी, म्हणजे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रमाने आधी एकान्तात, मग दोघातिघांसमोर, शेवटी मंडळीसमोर कानउघाडणी झाली तर माणूस निघून जातो की थांबतो. पट्ट्यात एक मंडळी सोडून दुसरीत जाणे सोपे असल्याने ही कसोटी विशेष महत्त्वाची आहे. चौथी, प्रीतीचा विस्तार : आपल्या भाषेच्या, जातीच्या आणि गावाच्या बाहेरच्या माणसासाठी काही सोसले जाते का. पाचवी, काळ : व्यसनमुक्तीच्या वाटेवर पाच वेळा पडून सहाव्यांदा उठणारा आणि पडल्याचे मान्यच न करणारा, हे दोघे एका दिवसाच्या निरीक्षणाने वेगळे ओळखता येत नाहीत.

या कसोट्या नेत्यांना अधिक कडकपणे लागू होतात, कारण पौलाने मंडळीच्या अध्यक्षाकडून निर्दोष कीर्ती आणि द्रव्यलोभापासून मुक्तता मागितली आहे. ऑगस्टीनचा निष्कर्ष विश्वासणाऱ्याला दिलासा देतो की पाळकाच्या पापाने त्याचा बाप्तिस्मा निष्फळ होत नाही. पण त्या दिलाशाचा उपयोग पाळकाचा गैरव्यवहार किंवा दुर्बलांवरील अत्याचार झाकण्यासाठी होऊ देणे हा विश्वासाचा आणि पीडितांचा दोघांचाही घात आहे. क्षमा मिळालेल्या माणसालाही हिशेब द्यावा लागतो आणि कायद्यापुढे उभे राहावे लागते. क्षमा आणि जबाबदारी यांना परस्परविरोधी समजणे ही या विषयातील सर्वांत घातक गल्लत आहे.

निष्कर्ष

आढाव्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : खऱ्या विश्वासाची खूण पापाचा अभाव ही नसून, पाप समोर आल्यावर माणूस कोणाकडे वळतो आणि त्या वळण्याची किंमत स्वतः मोजतो की दुसऱ्याला मोजायला लावतो, ही आहे. ल्यूथरचे वचनाकडे पाहणे, ट्रेंटचा प्रायश्चित्ताचा मार्ग, एडवर्ड्सचे टिकाऊ आचरण, सिरियन परंपरेची चिकित्सा, रमाबाईंची प्रामाणिक शंका आणि लक्ष्मीबाईंचे सुटलेले सोवळे ही या एकाच वळण्याची निरनिराळी दर्शने आहेत. स्वतःला तपासताना कठोर आणि दुसऱ्याला तपासताना धीराचे असावे, हा नियमही यातूनच निघतो, कारण स्वतःच्या मनातली पळवाट ज्याची त्याला ठाऊक असते आणि दुसऱ्याच्या मनातला झगडा कोणालाच पुरता दिसत नाही.

परंतु असा धीर ओळखीवाचून संभवत नाही, आणि म्हणून पिंपरी-चिंचवड व चाकणच्या मंडळ्यांपुढे हा प्रश्न शेवटी सहवासाचा बनतो. जिथे पाळकाला कामगाराची पाळी ठाऊक नाही, वडीलमंडळी त्याच्या खोलीवर कधी गेलेली नाहीत आणि त्याची पत्नी मनमोकळे बोलू शकेल अशी एकही स्त्री मंडळीत नाही, तिथे विश्वासाची पारख करण्याचा अधिकारही त्या मंडळीने कमावलेला नाही. गुरुवारची उपासना, वस्तीतला लहान प्रार्थनागट, घरोघरची भेट आणि उघड हिशेब या व्यवस्था म्हणजे केवळ सोयीची कामे नव्हेत. पापी माणसाचा विश्वास खरा की खोटा हे ठरवण्याआधी त्याला खरा होण्यासाठी लागणारी जागा, वेळ आणि सोबत देणे, हे मंडळीचे पहिले कर्तव्य त्यांतूनच पार पडते.